सोन्याचा धूर आणि काळेंपांढरें चित्र

ज्या गांवीं लक्ष्मी पाणी भरते, त्या गांवाविषयीं ‘तेथें सोन्याचा धूर निघतो’ असें बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. हा अतिशयोक्तीचा अलंकार वऱ्हाडांतील कापसाच्या बाजारपेठांना एके काळीं जवळजवळ अक्षरशः लागू पडत असे. यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रस, दारव्हा अशा गांवांकडे कापसाची बंडी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला गांव दिसण्यापूर्वीं दिसे तें जिनिंग कारखान्याचें उंच, विटांचें धुराडें आणि त्याच्या टोकांतून वाऱ्याच्या दिशेनें लांबत जाणारी धुराची रेघ. कापसाला पांढरें सोनें म्हणावें आणि त्या सोन्याचा धूर मात्र काळा असावा, ही एक मौजच होती. आतां तो धूर राहिलेला नाहीं. कांहीं धुराडीं उभीं आहेत, पुष्कळ पडलीं आहेत. आणि जीं उभीं आहेत त्यांच्या भेगांत पिंपळ रुजला आहे. अशा धुराड्यांचीं आणि त्यांच्या भोंवतालच्या कौलारू छपरांचीं छायाचित्रें काढीत हिंडणें हा एखाद्याला रिकामपणाचा उद्योग वाटेल. परंतु थोडा विचार केला तर हें काम एका जिल्ह्याचा जमाखर्च लिहून ठेवण्यासारखें आहे, असें श्रोत्यांच्या ध्यानांत येईल.

छप्पर हा छायाचित्रकलेचा विषय आजकालचा नव्हे. त्या कलेचा जन्मच मुळीं छपरांच्या साक्षीनें झाला. फ्रान्समधील नीसेफोर न्येप्स नांवाच्या संशोधकानें १८२६ किंवा १८२७ सालीं आपल्या खेड्यांतील घराच्या माडीवरील खिडकींत एक पेटी ठेवली. पेटींत कथील-मिश्र धातूचा पत्रा होता आणि त्यावर डांबराच्या जातीच्या एका द्रव्याचा पातळ लेप होता. जेथें उजेड पडला तेथें लेप टणक झाला. जेथें पडला नाहीं तेथील लेप तेलानें धुऊन निघाला. जें राहिलें तें आज उपलब्ध असलेलें, कॅमेऱ्यानें निसर्गांतून उतरविलेलें सर्वांत जुनें छायाचित्र होय. त्यांत राजवाडा नाहीं, देऊळ नाहीं, माणूसही नाहीं. कबुतरखान्याचा मनोरा आहे, एक नासपतीचें झाड आहे, कोठाराचें उतरतें छप्पर आहे आणि मागें भटारखान्याचें धुराडें आहे. पेटी इतका वेळ उघडी ठेवावी लागली कीं सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलें उमटलें. तें चित्र पुढें विस्मृतींत गेलें. १९५२ सालीं तें पुन्हा सांपडलें, आणि आतां अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. ज्या धुराड्याकडे घरच्या माणसांनीं क्वचितच मान वर करून पाहिलें असेल, तें धुराडें अशा रीतीनें अजरामर झालें.

आपल्याकडेही ही विद्या फार लौकर आली. १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली, आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉक्टर नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या कार्यकर्त्यांपैकीं होते. परंतु त्या काळचे अवजड कॅमेरे वळले ते लेण्यांकडे, किल्ल्यांकडे, मंदिरांकडे आणि संस्थानिकांच्या दरबारांकडे. सामान्य माणसाच्या डोक्यावरील छपराकडे त्यांनीं वळावें असें कारणच नव्हतें. छप्पर हें नित्याचें. आणि जें नित्याचें असतें तें टिपून ठेवावें असें तें नाहींसें होऊं लागेपर्यंत कोणालाच वाटत नाहीं.

यवतमाळ जिल्ह्यांतील नित्याचें छप्पर म्हणजे कवेलूंचें. इतरत्र ज्यांना कौलें म्हणतात त्यांनाच इकडे कवेलू म्हणतात. जुना देशी कवेलू साच्यांतून निघत नसे. तो कुंभाराच्या चाकावर जन्मास येई. कुंभार चाकावर वर निमुळता होत जाणारा पोकळ नळा काढी, तो ओला असतांनाच त्याला दोन्ही बाजूंनीं उभी चीर देई, आणि मग त्या एका नळ्याचीं दोन शकलें होत. छपरावर एक ओळ उताणी आणि तिच्या सांध्यावर दुसरी ओळ पालथी, अशी त्यांची मांडणी असे. पाणी उताण्या ओळीनें वाहून जाई आणि चुलीचा धूर कवेलूंच्या फटींतून वाट काढीत बाहेर पडे. म्हणून जुन्या घराच्या स्वयंपाकघरावरचे कवेलू आंतून काजळीनें काळे आणि वरून उन्हापावसानें करडे झालेले आढळतात. कांहीं घरांत धुरासाठीं छपराला वेगळें भोंक ठेवीत, आणि पाऊस आंत येऊं नये म्हणून त्यावर बूड काढलेलें मडकें किंवा आडोशाचा मोठा कवेलू बसवीत.

येथें इंग्लंडचें उदाहरण मनोरंजक आहे. तिकडे घराच्या धुराड्याच्या टोकावर भाजलेल्या मातीचें नळकांडें बसविण्याची चाल आहे, आणि त्या नळकांड्याला तिकडील भाषेंतही ‘धुराड्याचें मडकें’ असेंच म्हणतात. सामान्यतः प्रत्येक शेगडीला स्वतंत्र नळा आणि प्रत्येक नळ्याला स्वतंत्र मडकें. त्यामुळें रस्त्यावर उभें राहून मडकीं मोजलीं म्हणजे आंत किती खोल्यांना ऊब मिळते हें कळे. त्या देशांत १६६२ पासून १६८९ पर्यंत दर चुलीमागें वर्षाला दोन शिलिंग असा करच होता. तात्पर्य, धूर जेथून निघतो तें ठिकाण घराची सांपत्तिक स्थिति सांगतें, ही गोष्ट सरकारांना छायाचित्रकारांच्या कितीतरी आधीं ठाऊक होती.

वऱ्हाडी घराच्या चुलींत जळे ती बहुधा पऱ्हाटी. कापूस वेंचून झाला म्हणजे शेतांत उरणारीं कापसाचीं वाळलेलीं झाडें उपटून त्यांचे भारे घरामागें रचून ठेवण्याची रीत अद्यापही खेड्यापाड्यांत दिसते. म्हणजे गांवाबाहेरील जिनिंगचें उंच धुराडें आणि गांवांतील कवेलूंचें बुटकें छप्पर या दोहोंतून निघणारा धूर एकाच पिकाचा होता. एकीकडे कापसाची रुई होत होती, दुसरीकडे त्याच कापसाच्या काड्यांवर भाकरी भाजत होती. या जिल्ह्याच्या धुराड्यांचें आणि छपरांचें छायाचित्र काढावयाचें तें हें नातें मनांत धरून काढावें.

आतां त्या उंच धुराड्याची हकीकत. वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यांत आला. पुढें १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें आणि तिकडील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. तेव्हां वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर सर्वांची दृष्टि गेली. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरापर्यंत पोंचला, आणि मग वाफेवर चालणारे रेचे व दाबाचीं यंत्रें वऱ्हाडांत येऊं लागलीं. यवतमाळ जिल्हा तेव्हां वणी जिल्हा या नांवानें ओळखला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत सुमारे ११३ किलोमीटरांचा अरुंद लोहमार्ग झाला आणि कापसाला मुंबईची वाट अधिक सोपी झाली. पुढें लोकांनीं या गाडीचें नांव ‘शकुंतला’ असें ठेवलें.

वाफेच्या यंत्राला बाष्पपात्र लागे, बाष्पपात्राला भट्टी लागे आणि भट्टीला धुराडें लागे. धुराडें इतकें उंच कां बांधीत, याचें उत्तर केवळ धूर लोकवस्तीच्या वर जावा एवढेंच नव्हे. तापलेली हवा हलकी असते. ती उंच नळ्यांतून वर चढूं लागली म्हणजे खालून थंड हवा आपोआप भट्टींत ओढली जाते आणि विस्तव धगधगतो. नळा जितका उंच तितकी ही ओढ मोठी. म्हणून धुराडें हें कारखान्याचें नाकच होय. त्याची बांधणीही हिशेबाची असे: खालीं चौकोनी जोतें, वर गोल किंवा अष्टकोनी, निमुळता होत जाणारा विटांचा स्तंभ, मधून मधून लोखंडी पट्टे, आणि टोकाला विटांची थोडी बाहेर आलेली कंगणी. कंगणीवर आपली मुद्रा उमटविणाऱ्या गवंड्याचें नांव मात्र बहुधा कोठें कोरलेलें नसतें.

पुढें तेलावर चालणारीं इंजिनें आलीं, त्यांच्यामागून वीज आली. रेचे चालूच राहिले, परंतु बाष्पपात्रें विझलीं. विजेला धुराडें लागत नाहीं. शकुंतला गाडीचें १९२१ सालीं मँचेस्टर येथें घडविलेलें वाफेचें इंजिन १९२३ पासून धांवत होतें. तें १५ एप्रिल १९९४ रोजीं निवृत्त झालें, त्याच्या जागीं डिझेलचें इंजिन आलें, आणि पुढें ती गाडीही बंद पडली. इंजिनाच्या धुराचा शेवटचा दिवस असा तारखेनिशीं सांगतां येतो. परंतु जिनिंगच्या धुराड्यांतून शेवटचा धूर कोणत्या दिवशीं निघाला, हें त्या त्या गांवांतील वृद्धांना विचारलें तरी हंगामापलीकडे नेमकें उत्तर क्वचितच मिळेल. नंतर गांव वाढतो, कारखान्याच्या आवाराला सोन्याचा भाव येतो, धुराड्याच्या विटा विकल्या जातात, आणि जें धुराडें तीन कोसांवरून दिसत होतें तें कोठें होतें याविषयीं नातवंडांत वाद माजतो.

छायाचित्र येथें उपयोगीं पडतें. आणि तें काळेंपांढरें असावें असें म्हणण्यास कारण आहे. रंगीत चित्रांत डोळा प्रथम रंगाकडे धांवतो: लाल कवेलू, हिरवा निंब, निळें आकाश. रंग वजा केला म्हणजे तो उताराकडे, जाडीकडे, भेगेकडे, काजळीकडे आणि नव्याजुन्याच्या ठिगळांकडे वळतो. छपराची कथा सांगणाऱ्या खुणा बहुतेक याच आहेत. मात्र काळेंपांढरें चित्र आपोआप खरें असतें असें समजूं नये. आरंभींच्या कांचांना तांबडा रंग मुळींच दिसत नसे. त्यामुळें लाल छपरें काळींकुट्ट आणि निळें आकाश पांढरें फटफटीत उमटे. नंतर सर्व रंग जाणणारी फिल्म निघाली. तिच्यापुढें भिंगावर पिवळी कांच धरली तर आकाश किंचित् गडद होऊन ढग उठून दिसतात. तांबडी कांच धरली तर आकाश वादळी काळें होतें आणि लाल कवेलू फिकट पडतात. वादळ नसतां वादळ दाखविणें हें कवीला शोभेल. नोंद करणाऱ्यानें पिवळ्या कांचेवरच समाधान मानावें.

वेळेची निवड ही तितकीच महत्त्वाची. वैशाखांतील दुपारचें ऊन छपरावर सरळ पडतें आणि सारें छप्पर सपाट पाटीसारखें दिसतें. तेंच छप्पर सूर्योदयानंतर तासाभरांत पाहावें: आडव्या किरणांनीं प्रत्येक पालथ्या ओळीची सांवली शेजारच्या उताण्या ओळींत पडते आणि छपरावर नांगरलेल्या वावराचीं तासें उमटतात. पहिला पाऊस पडून गेल्यावर ओले जुने कवेलू गडद होतात आणि त्यांत बसविलेले नवे कवेलू वेगळे ओळखूं येतात. मृगापूर्वीं घर शाकारण्याची रीत असल्यामुळें त्या सुमारास घेतलेल्या चित्रांत वानरांनीं कोठें धुडगूस घातला, मालकानें कोठें नवे कवेलू घातले आणि कोठें पैशाअभावीं टिनाचा तुकडा दडपला, हें वाचतां येतें. पुष्कळ छपरांवर तर तीन पिढ्या शेजारीं शेजारीं नांदतात: आजोबांचे चाकावरचे कवेलू, वडिलांचीं साच्यांतील मंगलोरी कौलें आणि मुलाचे टिनपत्रे. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशननें १८६५ सालीं मंगलोरास काढला. तेथील रीत वऱ्हाडांतल्या छपरापर्यंत कशी पोंचली याचा पुरावाही तेंच छप्पर देतें.

धुराड्याच्या चित्राची अडचण निराळी. जवळ उभें राहून कॅमेऱ्याचें तोंड वर केलें कीं धुराडें मागें कलंडल्यासारखें दिसतें. यावर उपाय म्हणजे दूर जावें, किंवा शेजारच्या माडीवर अथवा टेकाडावर चढून कॅमेरा सरळ धरावा. यवतमाळ शहर चढउताराच्या भूमीवर वसलेलें असल्यामुळें अशीं स्थानें शोधल्यास सांपडतात. धुराड्याच्या पायथ्याशीं एखादी बंडी किंवा माणूस असूं द्यावा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. मालकाची परवानगी घ्यावी. आणि जुन्या छपरावर स्वतः पाय देऊं नये, कारण एका चित्रापायीं गरिबाचे दहा कवेलू फुटणें हा न्याय नव्हे. हल्लीं पुष्कळांच्या हातीं मोबाईल हाच कॅमेरा असतो. त्यांनीं मूळ रंगीत प्रत जपून ठेवावी आणि काळीपांढरी प्रत तिच्यावरून वेगळी करावी. ज्यांच्या घरीं जुन्या निगेटिव्ह आहेत त्यांनीं त्या पावसाळ्याच्या दमटपणापासून जपाव्या. बुरशीनें खाल्लेलें छप्पर पुन्हा शाकारतां येत नाहीं.

असें काम एखाद्यानें आयुष्यभर केलें तर काय होतें, हें जर्मनींतील बर्न्ड आणि हिला बेखर या पतिपत्नींनीं दाखविलें. बर्न्ड यांना आपल्या प्रांतांतील एका खाणीच्या इमारतीचें रेखाचित्र काढावयाचें होतें. परंतु हात चाले त्यापेक्षां पाडापाड अधिक वेगानें होऊं लागली, म्हणून त्यांनीं कॅमेरा उचलला. १९५९ पासून उभयतांनीं मिळून पाण्याचे मनोरे, खाणींवरील सांगाडे, भट्ट्या अशा शेंकडों वास्तूंचीं काळींपांढरीं चित्रें घेतलीं. तीं सदैव समोरून, सरळ, आणि शक्यतों ढगाळ दिवशीं, म्हणजे गडद सांवलीचें नाटक नको. एका जातीचीं नऊ किंवा पंधरा चित्रें ओळीनें मांडलीं म्हणजे कोणती गोष्ट गरजेची आणि कोणती बांधणाराच्या हौसेची हें आपोआप उमगे. १९९० सालीं व्हेनिस येथील प्रदर्शनांत त्यांना मोठें पारितोषिक मिळालें, आणि तेंही छायाचित्रणासाठीं नव्हे तर शिल्पकलेसाठीं. यवतमाळ जिल्ह्यांतील धुराडीं अशीं ओळीनें कोणी मांडलीं, तर वणीचा गवंडी आणि पुसदचा गवंडी यांचे हात वेगळे ओळखतां येतील.

तथापि या जिल्ह्यांत एवढ्यावर थांबून भागणार नाहीं. पडकें धुराडें, मागें ढग, टोकावर बसलेली घार, हें चित्र सुंदर खरें. परंतु सोन्याचा तो धूर कोणाच्या सोन्याचा होता, हें तें सांगत नाहीं. रेच्यांतून तीन क्विंटल कापूस गेला म्हणजे सुमारें एक क्विंटल रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. त्या रुईचा भाव दूरच्या बाजारांत ठरे. भाव चढला तर धुराड्याच्या आवारांत एक नवी इमारत उभी राही, आणि उतरला तर शेतकऱ्याच्या छपरावरील शाकारणी पुढल्या वर्षावर जाई. रेच्यांच्या घरांत तंतूंच्या धुळींत राबणाऱ्या बायाबापड्यांची नोंद तर धुराच्या रेघेइतकीही टिकली नाहीं. धूर गेला, पण हा हिशेब मिटला नाहीं. २००६ सालीं विदर्भांतील सहा जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांसाठीं, त्यांच्या आत्महत्यांची दखल घेऊन, केंद्र सरकारला ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर करावी लागली. त्या सहांत यवतमाळ होता. ज्या जिल्ह्यांतून सोन्याचा धूर निघाला त्याच जिल्ह्यांत कापूस पिकविणाऱ्याच्या घरची चूल विझूं लागली होती. म्हणून धुराड्याचें चित्र घेणारानें एक तरी चित्र असें घ्यावें कीं ज्याच्या चौकटींत धुराडें आणि कवेलूंचीं छपरें दोन्ही आहेत. त्यांच्या उंचीतला फरक हाच त्या काळाचा खरा जमाखर्च होय, आणि तो शब्दांपेक्षां चित्रांत अधिक स्वच्छ वाचतां येतो.

चित्र घेतल्यावर एक लहानसें काम उरतें आणि बहुधा तेंच राहून जातें. चित्राच्या पाठीमागें गांवाचें नांव, दिवस, वेळ, कॅमेऱ्याचें तोंड कोणत्या दिशेस होतें आणि त्या आवारांत पूर्वीं काय चाले, हें लिहावें. जवळच्या एखाद्या वृद्धाला विचारावें कीं धुराडें बंद कधीं पडलें, भोंगा किती वाजतां होई, हंगामांत बंड्यांची रांग कोठपर्यंत जाई. त्याचें उत्तर त्याच्याच शब्दांत नोंदवावें. चित्राची एक प्रत गांवच्या वाचनालयांत किंवा शाळेंत ठेवावी, आणि एक त्या घराच्या मालकाला द्यावी. फ्रान्समधील त्या खिडकींतून दिसणाऱ्या भटारखान्यांत भाकरी कोण भाजीत असे, हें तें जुनें चित्र सांगत नाहीं. यवतमाळच्या छपराखालीं भाकरी कोणीं भाजली हें विचारून घेण्यास अद्याप अवसर आहे. कारण ज्यांनीं ती भाजली त्यांच्यापैकीं कांहीं वृद्धा त्याच छपराखालीं आजही बसलेल्या आहेत. तेवढी विचारपूस करून मगच कॅमेरा उघडावा.